काही झालेलं नसताना

दीड महिन्याचं बाळ दवाखान्यात येतं ते ‘डोस’साठी. दुपट्यात गुंडाळलेलं, कानटोपीत बुडालेलं, आईच्या नाहीतर आजीच्या मांडीवर. नंबर लागतो, दुपट्याखालून मांड्या तेवढ्या उघड्या होतात, टोचून होतं, बाळ आकांत करतं. ताप आला तर कोणतं औषध किती द्यायचं ते सांगितलं जातं, कार्डावर पुढची तारीख पडते आणि पुढच्याचं नाव पुकारलं जातं. लस वेळेवर मिळाली ही मोठीच गोष्ट आहे आणि तिच्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. मला विचारायचं आहे ते त्या दुपट्याबद्दल. ते सुटलंच नाही. बाळाला टोचलं गेलं, पण त्याला पाहिलं कोणी?

आपल्याकडे बाळाचा डॉक्टरशी संबंध दोनच कारणांनी येतो: लस द्यायची असते, नाहीतर बाळाला काहीतरी झालेलं असतं. आता लसींचं वेळापत्रक डोळ्यांसमोर आणा. जन्मल्यावर बीसीजी, पोलिओचे थेंब आणि कावीळ-बीची पहिली लस. त्यानंतरची लस थेट दीड महिन्याने. म्हणजे ज्या काळात बाळाच्या जिवाला सर्वांत जास्त धोका असतो, नेमक्या त्या काळात त्याला दवाखान्यात नेण्याचं काही निमित्तच उरत नाही. जन्मल्यापासून २८ दिवसांत जी बाळं दगावतात, त्यांतली सुमारे तीन चतुर्थांश पहिल्याच आठवड्यात जातात. आपण तपासणी लसीला बांधून टाकली आणि लस नसलेला महिना मोकळा सोडला.

नवजात बाळाची तपासणी त्याला काही झालं म्हणून करायची नसते, काही झालेलं दिसत नसताना करायची असते, एवढंच माझं म्हणणं आहे. ऐकायला ते सोपं वाटतं; पचायला अवघड जातं. आपल्या घरांत डॉक्टरकडे जाणं हे दुखण्याशी जोडलेलं आहे. ‘चांगलं आहे की बाळ, कशाला उगाच दवाखान्याची हवा दाखवायची?’ हे वाक्य बोलणारी आजी अडाणी नसते. तिने चार बाळंतपणं काढलेली असतात आणि दवाखान्यातल्या गर्दीत बाळाला काय काय लागू शकतं हे तिला माहीत असतं. तिचं चुकतं ते एकाच ठिकाणी. बाळ चांगलं आहे की नाही, हे बाळ आपणहून सांगेल असं ती धरून चालते.

तसं ते सांगत नाही. मोठ्या माणसाला जंतुसंसर्ग झाला तर ताप चढतो, खोकला येतो, तो कण्हतो, कुरकुरतो. दहा दिवसांच्या बाळाला तोच संसर्ग झाला तर पुष्कळदा ताप येतच नाही, उलट अंग गार पडतं. खोकला नसतो. रडणं वाढत नाही, कमी होतं. बाळ दूध ओढायचं कमी करतं, पाजायला घेतलं की पेंगतं आणि पडून राहतं. अशा वेळी भेटायला आलेल्या बायका कौतुक करतात, ‘किती गुणी आहे गं, अजिबात त्रास देत नाही.’ पहिल्या महिन्यात ज्या शांतपणाचं आपण कौतुक करतो, तोच शांतपणा एखाद्या बाळाचं सर्वांत गंभीर लक्षण असतो. भूक लागूनही न उठणारं बाळ गुणी नसतं. त्याला त्याच तासाला दाखवायचं असतं.

दुसरी अडचण अशी की पहिल्या महिन्यात बाळाचं शरीर एका जागी थांबलेलं नसतं. पोटात असताना त्याच्या फुप्फुसांना काम नसतं, म्हणून हृदयाजवळच्या एका छोट्या नळीवाटे बरंचसं रक्त फुप्फुसांना वळसा घालून जातं. जन्मल्यानंतर ती नळी हळूहळू मिटते. काही जन्मजात हृदयदोषांत बाळ तगून असतं ते ती नळी उघडी आहे तोवरच. पहिल्या दिवशी ते गुलाबी असतं, दूध पितं, डॉक्टर छातीला स्टेथोस्कोप लावून ‘छान’ म्हणतात आणि त्यात त्यांची काही चूक नसते. बाळ घरी जातं, नळी मिटते आणि पाचव्या-सातव्या दिवशी एकदम धाप लागते. काविळीचंही तसंच. दिवस भरून जन्मलेल्या साधारण साठ टक्के बाळांना ती कमी-अधिक दिसतेच, पण तिचा जोर असतो तिसऱ्या ते पाचव्या दिवशी. नॉर्मल बाळंतपण झालेल्या बाईला घरी सोडतात दोन दिवसांनी. वजनाचंही तेच. पहिले तीन-चार दिवस प्रत्येक बाळाचं वजन उतरतं आणि साधारण दहा ते चौदा दिवसांत जन्माच्या वजनावर परत येतं. ते आलं की नाही हे तेव्हाच कळतं, आधी कळू शकत नाही. म्हणून ‘दवाखान्यात सगळं तपासून सोडलंय’ हे वाक्य खरं असलं तरी पुरेसं नाही. जे तपासलं ते त्या दिवसाचं बाळ होतं.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये बाळंतपणानंतरच्या काळजीच्या शिफारशी नव्याने दिल्या. त्यांत पहिल्या २४ तासांतल्या तपासणीनंतर आणखी किमान तीन भेटी सांगितल्या आहेत: ४८ ते ७२ तासांच्या दरम्यान, सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान आणि सहाव्या आठवड्यात. या तारखांमागे वर सांगितलेलं सगळं शरीरशास्त्र आहे.

ही तपासणी असते तरी कशी? पुष्कळ सुशिक्षित आई-बापांनीही ती पूर्ण झालेली पाहिलेली नसते, म्हणून सविस्तर लिहितो. खोली उबदार हवी, पंखा बंद, उजेड भरपूर, शक्यतो खिडकीतला, कारण पिवळ्या दिव्याखाली कावीळ लपते. तपासणाऱ्याने हात धुऊन चोळून उबदार करून घ्यायचे. मग बाळाच्या अंगावरचं सगळं काढायचं. लंगोट, टोपी, हातमोजेसुद्धा; कमरेचा दोरा तेवढा राहू द्यायचा. आणि आधी नुसतं बघायचं, हात न लावता. रंग कसा आहे, श्वास घेताना छाती आत ओढली जाते का, दोन्ही हात सारखे हलतात का. बाळ शांत असतानाच हृदय ऐकून घ्यायचं, कारण एकदा रडायला लागलं की काही ऐकू येत नाही. एक पूर्ण मिनिट श्वास मोजायचे. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करायची नाही, कारण नवजात बाळाचा श्वास एका लयीत नसतो, मध्येच थांबतो आणि भरभर चालू होतो. शांत बाळाचे श्वास मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त भरले तर पुन्हा मोजायचे, आणि पुन्हा तेवढेच भरले तर हातातलं बाकी सगळं सोडून त्याला पुढे पाठवायचं.

मग वरून खाली. टाळू फुगलेली की खोल गेलेली. डोळ्यांत खास टॉर्च धरून बाहुलीतून लाल चमक परत येते का ते बघायचं. ती पांढरी दिसली तर मोतीबिंदू असू शकतो, क्वचित डोळ्याच्या आतला कर्करोगही. तोंड उघडून टाळा बघायचा. ओठ फाटलेला असेल तर तो सगळ्यांना दिसतो. ओठ नीट असून आत टाळ्याला भेग असेल तर ती बघितल्याशिवाय दिसत नाही आणि दूध नाकातून येतं म्हणून आईला बोल लागतात. पोट, नाळेचा देठ, जांघेतली नाडी. मुलगा असेल तर दोन्ही वृषणं खाली उतरली आहेत का. गुदद्वार आहे ना, ही शंका वाचायला विचित्र वाटेल. पण ते नसलेली बाळं जन्मतात आणि लंगोट न काढल्यामुळे एक-दोन दिवस कोणाच्या लक्षात न आलेलीही असतात. बाळाला पालथं करून पाठीचा कणा बघायचा. पावलं आत वळलेली असतील तर पहिल्या आठवड्यांत प्लॅस्टर घालायला सुरुवात केली की बहुतेक मुलं सरळ चालतात. सगळ्यांत शेवटी खुब्याचे सांधे, कारण ते तपासताना बाळाला हमखास रडू येतं. या सगळ्याला दहा-पंधरा मिनिटं लागतात. यंत्र म्हणाल तर वजनकाटा, थर्मामीटर, घड्याळ, टॉर्च. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर असेल तर उजव्या हाताला आणि एका पायाला लावून ऑक्सिजन बघता येतो आणि कानाला ऐकू न येणारे काही हृदयदोष त्यात सापडतात. जन्मजात हृदयदोष हजारात आठ-नऊ बाळांमध्ये असतात, म्हणजे ही फार दुर्मिळ गोष्ट नाही.

काविळीबद्दल थोडं जास्त लिहायला हवं, कारण तिथे घरगुती शहाणपण आणि धोका एकमेकांना चिकटून बसले आहेत. ‘कोवळ्या उन्हात धरा’ हा सल्ला आपल्याकडे डॉक्टरही देतात, शेजारणीही देतात. त्यात तथ्य आहे. प्रकाशाने कावीळ उतरते ही गोष्ट १९५६ च्या सुमारास इंग्लंडमधल्या रॉचफर्ड इथल्या रुग्णालयात एका परिचारिकेच्या लक्षात आली होती. सिस्टर वॉर्ड बाळांना अंगणात उन्हात न्यायच्या. एका बाळाच्या अंगावर चादरीने झाकलेला भाग तेवढा पिवळा राहिलेला त्यांनी डॉक्टरांना दाखवला. तिथूनच आजच्या निळ्या दिव्यांचे उपचार सुरू झाले. पण खिडकीतल्या उन्हाला मोजमाप नसतं. कावीळ जन्मल्यापासून २४ तासांच्या आत दिसली किंवा तळहात-तळपायांपर्यंत उतरली, तर ऊन दाखवत बसणं म्हणजे मेंदूला इजा होण्याची वाट बघणं. ती इजा कायमची असते.

आणि एक कावीळ उलट्या बाजूने फसवते. ती जोरात नसते, बाळ दूध पितं, वजनही धरतं, फक्त पिवळेपणा दोन आठवडे उलटले तरी जात नाही आणि शी पिवळी न होता पांढरट, शाडूच्या मातीसारखी होते. यकृतातून पित्त बाहेर नेणाऱ्या नळ्या बंद होत चालल्याची ती खूण असू शकते. त्यावर कासाई नावाची शस्त्रक्रिया आहे. ती साधारण साठ दिवसांच्या आत झाली तर यशाची आशा बरी असते. जसजसा उशीर होतो तसं यकृत हातचं जातं आणि मग यकृतप्रत्यारोपणाशिवाय मार्ग राहत नाही. म्हणजे सगळा खेळ शीच्या रंगाचा आणि पहिल्या दोन महिन्यांचा. तैवानने २००४ पासून देशभर एक साधं कार्ड वापरायला घेतलं. त्यावर शीच्या रंगांचे फोटो छापलेले. आईने लंगोट बदलताना रंग जुळवून बघायचा. असा रंगांचा पट्टा आपल्या प्रत्येक माता-बाल संरक्षण कार्डावर मोठा आणि ठळक छापलेला असावा, असं मला कळकळीने वाटतं. शाई आणि थोडा चांगला कागद, एवढाच काय तो खर्च.

आजारी नसलेल्या बाळाला ठरावीक दिवशी बघायचं, ही कल्पना तशी नवी नाही. पॅरिसमध्ये पिएर ब्यूदँ या प्रसूतितज्ज्ञाने १८९२ मध्ये शारिते रुग्णालयात जन्मलेल्या बाळांना परत बोलावून वजन करण्याची, आयांना पाजण्याबद्दल सांगण्याची पद्धत सुरू केली. पण तिथे आईने बाळ घेऊन यायचं होतं. बाळ जिथे आहे तिथे तपासणारा गेला पाहिजे, आणि तो डॉक्टरच असला पाहिजे असं नाही, ही पुढची उडी मारून ती आकड्यांनी सिद्ध करण्यात मोठा वाटा आपल्या गडचिरोलीचा आहे.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये ‘सर्च’ ही संस्था तिथे सुरू केली. पहिली काही वर्षं त्यांचं लक्ष मुलांच्या न्यूमोनियावर होतं. गावातल्या दाईला वाचता येत नाही, मोजता येत नाही, मग बाळाचे श्वास मोजणार कसे? यावर त्यांनी काढलेलं साधन मला फार आवडतं. एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि सोबत दांडीत ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकवावा लागला तर बाळाला न्यूमोनिया. दहापर्यंत मोजता येणं पुरे. अक्षरओळख नसलेल्या बाईच्या हातात निदान देताना तिला कमी लेखायचं नाही, हा विचार त्या मण्यांमध्ये आहे.

नंतर ते नवजात बाळांकडे वळले. प्रयोग ३९ गावांत झाला, ४७ गावं तुलनेसाठी ठेवली. गावातल्याच थोडंफार शिकलेल्या बायकांना ‘आरोग्यदूत’ म्हणून तयार केलं. त्या बाळंतपणाला हजर राहायच्या, नंतर महिनाभर ठरलेल्या दिवशी घरी जायच्या, वजन करायच्या, श्वास मोजायच्या, अंगाला हात लावून गारपणा बघायच्या, पाजण्यात अडचण असेल तर शेजारी बसून ती सोडवायच्या. जंतुसंसर्गाची लक्षणं दिसली आणि घरचे दवाखान्यात जायला तयार नसले तर घरीच इंजेक्शन द्यायच्या. सुरुवातीला त्या गावांत हजारी ६२ नवजात बाळं दगावत होती. शेवटी तो आकडा साडेपंचविसाच्या आसपास आला. तुलनेच्या गावांशी ताडून पाहता नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. डिसेंबर १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने ते निष्कर्ष छापले. इंजेक्शनचा गाजावाजा झाला आणि वादही तिथेच झाला. माझ्या मते मोलाची गोष्ट वेगळी होती. कोणीतरी बाळाकडे ठरलेल्या दिवशी, न बोलावता जात होतं.

२०११ मध्ये केंद्र सरकारने हीच पद्धत ‘आशा’ या आरोग्य कार्यकर्त्यांमार्फत देशभर नेली, इंजेक्शनाचा भाग वगळून. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे आशाने सहा वेळा जायचं: तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस. घरी बाळंतपण झालं तर पहिल्या दिवशी आणखी एकदा. कागदावर हे उत्तम आहे, आणि जिथे मनापासून होतं तिथे प्रत्यक्षातही उत्तम आहे. सातव्या दिवसाची अशी एक भेट बघा. आशाताई दाराशी चप्पल काढते, आधी साबण मागते. कोपरापर्यंत हात धुऊन ते हवेत वाळवत बसते, पुसत नाही. “आजी, जरा दार लोटा, बाळाला उघडं करते.” “अगं, गार वारं लागंल त्याला.” “म्हणून तर दार लोटा म्हटलं.” झोळीचा काटा ती आधी शून्यावर आणते, मग बाळाला झोळीत घालून डोळ्यांच्या उंचीवर धरते. काटा हलायचा थांबेपर्यंत कोणी बोलत नाही. वजन जन्माच्या वेळेपेक्षा थोडं कमीच आहे. ती घाबरवत नाही, आईला म्हणते, “ताई, पाजून दाखवा मला.” आणि मग बघते की बाळाने तोंडात नुसतं बोंड धरलंय, सभोवतीचा काळा भाग बाहेरच आहे. बाळाची हनुवटी टेकवून, तोंड मोठं उघडलं की पुढे घेऊन, ती पकड दुरुस्त करते. त्या घरात पावडरच्या दुधाचा डबा यायचा असतो तो या पाच मिनिटांमुळे येत नाही.

यात कुठे कुठे गळती होते तेही बोललं पाहिजे. पहिलं बाळंतपण माहेरी. आशाच्या यादीत नाव असतं सासरच्या गावात, पोर असते माहेरी, दवाखाना तालुक्याला. सासरची आशा म्हणते ती इथे नाही, माहेरची म्हणते ती माझ्याकडे नोंदलेली नाही. दुसरी गळती शहरात. महापालिकेच्या आशा मुख्यतः वस्त्यांसाठी असतात. सोसायटीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या बाळाकडे सरकारतर्फे कोणीच जात नाही. पैसा आहे, गाडी आहे, मग काय अडचण, असं धरलं जातं. पण पहिल्यांदा आई झालेली, सासू-आई दोघी लांब असलेली पोर पाचव्या दिवशी पाजताना रडत असते, तेव्हा तिची गरज गडचिरोलीतल्या बाईपेक्षा वेगळी नसते. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी मुली माहेरी फोनवर सांगतात की तिथे सुईण घरी येऊन वजन करून जाते आणि नंतर हेल्थ व्हिजिटरही येते. इथल्या आयांना त्याचं नवल वाटतं. आपल्याच राज्यातल्या खेड्यात हे ठरलेलं आहे, हे त्यांना माहीत नसतं.

तिसरी गळती पैशांची. या सगळ्या भेटी पूर्ण केल्यावर आशाला मिळणारा मोबदला योजनेत ठरला तो २५० रुपये. एका भेटीचे चाळीस-बेचाळीस. पावसाळ्यात वाडीवर चालत जाऊन, बाळ उघडं करून, शांतपणे अर्धा तास बसण्याचा हा दर असेल तर काही भेटी नुसत्या अर्जावर होतील. त्याचा दोष मी आधी दराला देईन, मग आशाला. खासगी दवाखान्यातही गणित फार निराळं नाही. लसीचा दर असतो. बघण्याची वेगळी फी मागितली तर लोक म्हणतात, ‘नुसतं बघायचे कसले पैसे?’ ज्या कामाला आपण काम मानत नाही ते होत नाही, यात आश्चर्य काय?

रूढींवर ठपका ठेवून मोकळं होणं सोपं आहे. सव्वा महिना बाळ-बाळंतिणीने उंबरा ओलांडायचा नाही, म्हणून तपासणी होत नाही, असं म्हणतात. मला हे उलट दिसतं. सव्वा महिना म्हणजे जवळजवळ चाळीस दिवस, आणि योजनेतली शेवटची भेट बेचाळिसाव्या दिवशी. आपल्या पूर्वजांनी जो काळ जपायचा म्हणून वेगळा काढला, तोच काळ वैद्यकशास्त्रही जपायला सांगतं. पाचवीला आणि सहाव्या रात्री सटवाईसाठी दिवा तेवत ठेवून घरातल्या बायका जागायच्या. त्या रात्री धोक्याच्या आहेत हे त्यांनी अनेक बाळं गमावून शिकलेलं होतं. उंबरा ओलांडायचा नसेल तर नका ओलांडू. तपासणाऱ्याने आत यावं. अडचण येते ती काही विशिष्ट गोष्टींची: मध चाटवणं, डोळ्यांत काजळ भरणं, कानात-नाकात तेल सोडणं, कोंडलेल्या खोलीत धुरी, पाय सरळ ओढून आवळून बांधणं. शेवटच्या गोष्टीने खुब्याचा सांधा निसटू शकतो. पाय बेडकासारखे मोकळे राहिले की तो नीट बसतो, म्हणून बाळाला कडेवर घेण्याची आपली रीत सांध्याला चांगलीच. या गोष्टी एकेक करून सांगता येतात आणि घरचे ऐकतातही, सांगणारी आधी हात धुऊन बाळाला प्रेमाने हाताळताना दिसली तर.

आणि एक माणूस आपण पूर्ण विसरलो आहोत: बाळाला न्हाऊ घालायला येणारी बाई. पुण्या-मुंबईत, नाशिक-कोल्हापुरात आजही हजारो घरांत ती रोज येते. ती बाळाला दररोज पूर्ण उघडं करते, पाठ-पोट-मांड्या-पावलं सगळं तिच्या हाताखालून जातं. इतकी बाळं इतक्या जवळून कोणताच डॉक्टर बघत नाही. बाळ आज ढिलं लागतंय, कालच्यापेक्षा पिवळं दिसतंय, एक पाय कमी उघडतोय, हे सर्वांत आधी तिच्याच हाताला कळू शकतं. महापालिकांनी या बायकांना बोलावून धोक्याची आठ-दहा लक्षणं शिकवावीत, ओळखपत्र द्यावं, फोन कुठे करायचा तो नंबर द्यावा. ‘जोरजोरात चोळू नका’ एवढंच सांगून त्यांना अपराधी ठरवण्यापेक्षा हे कितीतरी उपयोगाचं आहे.

एक आक्षेप मला गंभीरपणे घ्यावासा वाटतो. तपासण्यांच्या नावाखाली खासगी रुग्णालयं आई-बापांना घाबरवून पॅकेजं विकतात, असा तो आक्षेप आहे, आणि तो अगदीच निराधार नाही. टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन पन्नास-पन्नास आजारांची चाचणी विकली जाते. पण म्हणून थायरॉइडची चाचणी वाईट ठरत नाही. जन्मजात थायरॉइड कमी असलेली बाळं आपल्याकडे साधारण हजार-बाराशेत एक सापडतात. वरून काही दिसत नाही, रोज एक स्वस्त गोळी पहिल्या दोन आठवड्यांत सुरू केली तर मूल बुद्धीने इतरांसारखं वाढतं. सहा महिने उशीर झाला तर गेलेलं परत येत नाही. अशी चाचणी विकायची वस्तू होऊ नये यावर उपाय एकच, ती सरकारने सगळ्यांची करावी. गोव्याने २००८ मध्ये सगळ्या नवजात बाळांसाठी तसा कार्यक्रम हाती घेतला होता. कानाच्या चाचणीचंही तेच. हजारात एक-दोन बाळांना ऐकू येत नाही. महिन्याच्या आत चाचणी, तीन महिन्यांत निदान, सहा महिन्यांत उपचार सुरू, असं झालं तर मूल बोलायला शिकतं. पहिल्या चाचणीत नापास झालेली बहुतेक बाळं दुसऱ्या चाचणीत पास होतात, कारण कानात जन्माच्या वेळचं पाणी असतं. हे आधी सांगितलं नाही तर घरात रडारड होते. आणि सांगून परत बोलावलं नाही तर खरोखर बहिरं असलेलं एक बाळ गर्दीत हरवतं. परत बोलावणं हाच तपासणीचा कठीण भाग. लवकर जन्मलेल्या, दोन किलोच्या आतल्या बाळाचा डोळ्याचा पडदा तिसाव्या दिवसाच्या आत तपासायचा असतो. ते बाळ काचेच्या पेटीतून वाचून घरी आलेलं असतं, घरात पेढे वाटलेले असतात, वजन वाढत असतं. अशा आनंदात ‘डोळे दाखवायला या’ हे डिस्चार्ज कार्डावरच्या शेवटच्या ओळीत असेल तर ते कोण वाचणार?

६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघरमधून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. जन्मदोष, आजार, पोषणाची कमतरता आणि वाढीतला उशीर शोधून फुकट उपचार देण्याची ती योजना. उपचारांची वाट त्यामुळे पुष्कळ मोकळी झाली. २०२० च्या नमुना नोंदणीनुसार महाराष्ट्रात हजारी ११ नवजात बाळं दगावत होती, देशात २०, केरळमध्ये ४. आपल्याकडे आता पंचाण्णव टक्क्यांच्या आसपास बाळंतपणं दवाखान्यात होतात. म्हणजे जवळजवळ प्रत्येक बाळ एका दारातून बाहेर पडतं, आणि त्या दारात परिचारिका, कार्ड आणि पेन तिघंही हजर असतात. तिथे तीन गोष्टी लिहिल्याशिवाय कोणालाही घरी सोडू नये: बाळ आता कोणत्या गावात, कोणाच्या घरी जाणार आहे, तिसऱ्या आणि सातव्या दिवशी त्याला कोण बघणार आहे, त्या माणसाचं नाव आणि फोन, आणि तो माणूस आला नाही तर आईने कुठे फोन करायचा. माहेरच्या गावच्या आशाला तो निरोप त्याच दिवशी गेला पाहिजे, आणि तिचे पैसे नोंद कुठली आहे हे न बघता, बाळ ज्याने पाहिलं त्याला मिळाले पाहिजेत. शहरात हे काम प्रसूतिगृहानेच करावं; बाळंतपणाच्या बिलात तिसऱ्या दिवसाच्या घरभेटीची एक ओळ वाढली तर कोणाचं काही अडणार नाही.

आई-बापांच्या हातात आज, आत्ता, असलेलं कामही आहे. डोसाच्या दिवशी थोडं लवकर जा. नंबर आला की डॉक्टरांनी सांगायची वाट न बघता टेबलावर दुपटं सोडा, टोपी काढा, लंगोट काढा आणि म्हणा, “डॉक्टर, टोचायच्या आधी एकदा सगळं बघून घ्या.” पंधरा मिनिटं मागा. बाहेर रांग असेल, मागचे लोक कुरकुरतील. त्यांच्याही मांडीवर बाळंच आहेत. त्यांनाही सांगा, आत गेल्यावर दुपटं सोडा म्हणून.